घाण्याचा दुसरा बैल

माकणीच्या हणमंतप्पा तेल्याचा सर्ज्या बैल महसुलाच्या गिरदावरसाहेबांनी वेठीला नेला, त्याला चार दिवस झाले होते. निजामाच्या राज्यात साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या गाडीला बैल फुकट द्यायचा आणि वर हसून दाखवायचं. हणमंतप्पानं हसून दाखवलं. आता त्याचा घाणा आठ वर्षांची गंगम्मा फिरवत होती.

हे बापलेकीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. "कुणाला कळू देऊ नको," हणमंतप्पानं बजावलं होतं. "न्हाय तर वेठीच्या यादीत सर्ज्याच्या खाली तुझं नाव चढंल." पोरीच्या अंगात एका बैलाचं बळ आहे, असा त्याचा अंदाज होता.

पाचव्या दिवशी परत जाताना साहेबांची गाडी दारापुढं थांबली. आतून घाण्याची करकर येत होती. साहेबांनी आधी जुवाखालच्या सर्ज्याकडं पाहिलं, मग दाराकडं.

"क्यों रे, तुझा बैल तर इथं. मग आत घाणा कोण फिरवतंय?"

करकर थांबली. साहेबांच्या शिपायानं घर धुंडाळलं. पेंडीचा ढीग उपसला, रांजणातही डोकावून पाहिलं. बैल काही निघाला नाही.

"सरकारपासून बैल लपवतोस? त्याचा पत्ता सांगेपर्यंत कचेरीत बस. चढ गाडीत!"

हणमंतप्पा चढला. गंगम्मा बापाला पोचवायला आल्यासारखी गाडीमागं येऊन उभी राहिली.

गाडीवानानं चाबूक ओढला. गाडी हलेना.

"ओझं लई झालं, साहेब."

"तेल्याला उतरव."

तेली उतरला. बैलांनी गुडघे टेकले. मग साहेबांची ट्रंक उतरली, फुकटच्या कोंबड्यांची डालगी उतरली आणि शेवटी, बराच विचार करून, साहेब स्वतः उतरले. एवढं मोठं ओझं गेलं, तरी गाडी जागची हलेना.

हणमंतप्पानं मागं जाऊन पाहिलं. गंगम्मानं डाव्या हाताची दोन बोटं चाकांमधल्या आखाला अडकवली होती. उजव्या हातातला गूळ ती चाटत होती.

"हा सर्ज्याच निकामी!" साहेब कडाडले. "सोड त्याला. यादीतून नाव काट. याचा पहिला बैल असला, तर दुसरा कसला असणार!"

जुवाच्या रिकाम्या बाजूला शिपायाला लावलं. सामान चढलं, साहेब चढले. "तेली नको," ते म्हणाले. "त्याच्यामुळंच गाडी अडली."

गंगम्मानं बोटं काढली. गाडी अशी सुटली, की बैलाच्या पावलाला पाऊल लावून शिपाई धावू लागला.

धुरळा बसला. जिथं पहार शिरत नव्हती त्या मुरुमात गंगम्माच्या पावलांचे दोन खड्डे पडले होते, घोट्याएवढे खोल. हणमंतप्पा त्यांच्याशेजारी खाली बसला. एका खड्ड्यात हात घालून त्यानं खोली मोजली.

"गंगे, लई जोर लावलास का गं?"

"न्हाय अप्पा. सर्ज्याची मान दुखंल, म्हणून हळूच धरलं व्हतं."