अकरा मिनिटे पुढे

त्या लघुग्रहाला घरात ‘बिनशेपट्या’ म्हणत. कक्षा धूमकेतूसारखी लांबट, एक टोक पृथ्वीच्या शेजारी, दुसरे पार गुरूपाशी. पण शेपूट कोणालाही दिसलेले नव्हते. चौतीस वर्षांपूर्वी बाबांनी वेधशाळेतून त्याचे एक छायाचित्र टिपले. पुढे तो हरवला आणि त्या नोंदीवर ‘अविश्वसनीय’ असा शेरा बसला. बाबांनी तो गिळला. पचवला मात्र नाही.

यंदा बिनशेपट्या पुन्हा सापडला. कक्षागणित करणाऱ्या लेकीने त्याची वाट मागे मोजत नेली. तो बाबांच्या जागी होता खरा, पण त्यांनी लिहिलेल्या वेळेच्या अकरा मिनिटे आधी. वेळ सरकवून उत्तर जुळवणे तिच्या लेखी लबाडी होती. नोंद बाबांची होती म्हणून तर अधिकच.

रविवारी लेक बाबांची जुनी वही घेऊन घरी आली.

“बाबा, ही वेळ कोणत्या घड्याळाची?”

“माझ्या मनगटावरच्या. वेधशाळेतलं भिंतीवरचं त्या दिवशी बंद होतं. एरवी माझं रोज पुढे धावायचं, मी तिथे जाऊन ते बरोबर लावायचो. पण आदल्याच दिवशी घड्याळजीने छातीठोकपणे सांगितलं होतं, यात काडीचा दोष नाही.”

बटण लावणाऱ्या आईची सुई थांबली.

“नव्हताच दोष. तुम्ही अंघोळीला गेलात की मी ते अकरा मिनिटं पुढे करायचे. वेळेवर घरी यावं म्हणून.”

“अकरा?”

“दहा केली असती तर तुम्हाला संशय आला नसता का? आणि तुम्ही तिथे जाऊन बरोबर लावायचात? तरीच रोज उशीर!”

“आईची साक्ष पुरावा होत नाही,” लेक म्हणाली. त्याच पानावर एक तारा चंद्राआड गेल्याची वेळ होती. तिने ती गणिताने काढून पाहिली. वहीतली तीही वेळ अकरा मिनिटे पुढे.

शेरा पुसला जाणार होता.

बाबांनी वही स्वतःकडे ओढली. “चौतीस वर्षं, अगं!”

“मला काय ठाऊक, तुमचा बिनशेपट्या इतका घाईत असेल?” आईचा आवाज जरासा उतरला. “पण त्या दिवशी तेवढे वेळेवर आलात हं.”

लेकीने लिहिले : घड्याळ अकरा मिनिटे पुढे, स्वतंत्र पडताळणी झाली. “कारण काय लिहू?”

“घरी कोणीतरी वाट पाहत होतं, असं लिही,” बाबा म्हणाले. मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून आईपुढे ठेवले. “घे, कर पुढे.”

“आता कुठे निघालात?”

“कुठेच नाही. तुझी सवय मोडायला नको.”