तारांकडे झुकलेली फांदी

वायरमनने शिडी झाडाला टेकवली, तोच त्याच्या सासूबाईंनी तिच्या खालच्या पायरीवर बस्तान मांडलं.

"आधी चहा."

"अहो, संध्याकाळी वादळ येतंय. अर्ध्या तासासाठी लाइन बंद करून घेतलीय. फांदी तारांवर पडली तर अख्खी गल्ली अंधारात, आणि माझी बदली पार कुठल्या कुठे."

"मग पटकन प्या."

बाईंचा क्रम ठरलेला. दरवर्षी आधी नकार, मग चहा, मग लेकीची खोदून खोदून चौकशी, आणि परवानगी अगदी शेवटी. एरवी जावईबापूंना मान वर करायला फुरसत नसायची. दोन गल्ल्या पलीकडे राहून त्यांचे पाय या दाराला लागायचे ते फांदीपायीच. "येतो एकदा निवांत," हे फोनवर इतक्यांदा म्हणून झालं होतं, की हल्ली ते वाक्य सासूबाईच पुरं करत.

"बावीस मिनिटं राहिली!" खांबापासून जोडीदार ओरडला. समोरच्या खिडकीतून कुणीतरी बंद पंख्याच्या नावानं शंख केला.

वायरमनने जीभ भाजून घेत कप रिकामा केला. सासूबाई गुडघ्यांना नावं ठेवत उठल्या.

वर चढल्यावर त्याला नवल वाटलं. बाकीच्या फांद्या उन्हाकडे, पलीकडे गेलेल्या. हीच एक दरसाल तारांची वाट का धरते? त्यानं पानं बाजूला सारली आणि करवत हातातच राहिली. फांदीला हिरवी नायलॉनची दोरी होती. दुसरं टोक तारांच्या बाजूला, सासूबाईंच्या गच्चीच्या गजाला, चांगलं ताणून बांधलेलं. गाठ ओळखीची. लेकीसाठी येणाऱ्या पिशव्यांचं तोंड याच गाठीनं आवळलेलं असायचं, आणि ती दातांशिवाय सुटत नसे.

त्यानं खाली पाहिलं. सासूबाई रिकाम्या कपात फार मन लावून बघत होत्या.

फांदी उतरली, तारा मोकळ्या झाल्या. चार मिनिटं हातात असताना समोरचा पंखा फिरू लागला. खाली उतरलेल्या वायरमनचा खिसा दोरीनं फुगला होता.

"झालं?" सासूबाईंनी खिशाकडे न बघता विचारलं.

"झालं. पण या झाडावर लक्ष ठेवायला हवं. रविवारी पाहणीला येतो. तुमच्या लेकीलाही आणतो."

"पाहणीला दोघं कशाला लागतात?"

"शिडी धरायला कुणीतरी हवं ना."

सासूबाई कप घेऊन आत निघाल्या. उंबऱ्यात थांबल्या.

"शिडी नाही आणलीत तरी चालेल."