सुहासिनीबाई वायर ओढतात

नूपुरने सूर मारला आणि ती तिथेच, हवेत आडवी थिजली. टीव्हीच्या मधोमध पांढरं चक्र गरगरायला लागलं. सुहासिनीबाई ताडकन उठल्या. पलंगावर पडलेले गुरुदत्त कोपरावर रेलून बघत राहिले. चित्र पुन्हा हललं तेव्हा दोन्ही संघ हस्तांदोलन करत होते. खो-खोची उपांत्य फेरी नातीच्या संघाने जिंकली होती. सामना नागपुरात झाला, जगाने पाहिला, आणि कोलकात्याच्या बागबाजारातल्या आजी-आजोबांना तो कसा जिंकला ते दिसलंच नाही.

"रविवारी फायनल आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्याआधी या खोलीत वायर येणार."

"अगं, शौनकने एवढी डबडी पाठवलीत ना?"

पाठवली होती खरी. मुलाने, म्हणजे नूपुरच्या बाबांनी, पुण्याहून पांढरे तीन डबे पाठवले होते, एक बाहेरच्या खोलीत, एक मधल्या आणि एक इथे लावायचा. वायरशिवाय घरभर इंटरनेट. पण हे घर जुनं, चुन्यातल्या वीस इंची भिंतींचं. अशा दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीत पोचेपर्यंत सिग्नलचा जीव जाई. टीव्ही बाहेर न्यावा, तर खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गुरुदत्तांना महिनाभर पलंग सोडू दिला नव्हता.

सुहासिनीबाईंनी शौनकला फोन केला.

"आई, वायर आता कोण लावतं? किती गबाळं दिसेल! मी चौथा डबा पाठवतो."

"तीन डब्यांनी जे जमलं नाही ते चौथा कसं करणार?"

"आई, हे माझं रोजचं काम आहे. तू यात पडू नकोस."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. सुहासिनीबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. नोकरीला लागल्या तेव्हा साहेबांनी त्यांना बिलांच्या खिडकीवर बसवलं, बायकांना तेच बरं म्हणून. त्यांनी तीन अर्ज केले आणि केबल तपासणीचं टेबल मिळवलं. गुरुदत्तांच्या बँकेने त्यांना कोलकात्याला धाडलं तेव्हा बदली मागून त्याही आल्या. या शहरात जमिनीखालून जाणारी कितीतरी केबल त्यांच्या हाताखालून गेलेली होती. त्यांनी फोन ठेवला, तो जरा आपटूनच.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट कंपनीचा सुमित आला. तिशीतला, चटपटीत. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि बंगाली रीतीने मावशी अशी हाक मारत हिंदीत म्हणाला, "मासीमा, ही भिंत ड्रिलला दाद देणार नाही. घरमालक ओरडेल तो वेगळाच. आणि या वयात कशाला एवढा व्याप? सामना संपला की मोबाइलवर बघा."

"निकाल कळल्यावर काय बघायचं? तुमचा मोहन बागानचा फुटबॉलचा सामना तुम्ही दुसऱ्या दिवशी बघता का?"

सुमित हसला. पण वायर लावायला काही तयार झाला नाही.

तो गेल्यावर सुहासिनीबाई कमरेवर हात ठेवून मधल्या खोलीत उभ्या राहिल्या. दारांच्या वर, छतापासून हातभर खाली, हवेसाठी झडपा होत्या. एक बाहेरच्या खोलीत उघडणारी, एक मागच्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने भोकं पाडूनच ठेवली होती!

शुक्रवारी त्या मेट्रोने कोलकात्याच्याच चांदणी चौकात, विजेच्या सामानाच्या बाजारात गेल्या. दुकानदाराने पुढे केलेली चपटी, गुळगुळीत वायर त्यांनी नखाने खरवडून परत दिली. "आत तांबं पाहिजे. तांब्याचा मुलामा नको." त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आतून दुसरं भेंडोळं आणलं. पंचवीस मीटर वायर, टोकाला लावायचे जॅक, ते दाबून बसवायची पक्कड आणि तपासणीच्या दिव्यांच्या दोन डब्या घेऊन त्या घरी आल्या.

शनिवारी सकाळी शिडी लावली.

"सुहास, उतर खाली!" गुरुदत्त आतून ओरडले. "सदुसष्ट वर्षांची बाई शिडीवर! पडलीस तर दोघांचं कोण करेल?"

"म्हणूनच पडणार नाही."

झडपेतून वायर सरकवताना वर्षानुवर्षांची धूळ डोळ्यांत गेली. हात भरून आले. दोनदा उतरून त्या नुसत्या बसून राहिल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा चढल्या. चौकटीच्या कडेने क्लिपा ठोकत वायर टीव्हीपर्यंत आणायला दुपार झाली. मग भिंग लावून आठ रंगांच्या तारा एका ओळीत बसवल्या, दोन्ही टोकांना जॅक दाबले आणि तपासणीची एक डबी गुरुदत्तांच्या हातात दिली.

"दिवे मोजा."

नाइलाजाने त्यांनी चष्मा लावला. "एक... दोन... तीन... चार... पाच..." ते थांबले. "सहावा नाही लागला. सातवा लागला."

सुहासिनीबाईंनी जॅक कापून टाकला. दुसरा लावला. पुन्हा सहावा गेला.

"राहू दे गं," गुरुदत्त या वेळी हळू बोलले.

"राहू कसं देऊ?"

तिसऱ्यांदा त्यांनी टोक थोडं जास्त सोलून घेतलं. गुरुदत्त मोजत गेले, आणि आठवा दिवा लागताच इतक्या जोरात "आठ!" म्हणाले की खुब्यातून कळ गेली.

रविवारी सामना सुरू झाला आणि चित्र एकदाही अडलं नाही. मैदानावरची धूळ दिसत होती, मुलींचे श्वास ऐकू येत होते. नूपुर दोन मिनिटं चाळीस सेकंद पळाली. आणि त्यांचा संघ एका गुणाने हरला.

"अडलं असतं तर बरं झालं असतं," गुरुदत्त खिन्नपणे म्हणाले.

"मुळीच नाही. पोरगी हरली, तर ती कशी लढून हरली तेही मला दिसलं पाहिजे."

तासाभराने नूपुरचा फोन आला. आवाज मुद्दाम हसरा. "आजी, बघितलं ना? मी ठीक आहे हं."

"सगळं बघितलं. दुसऱ्या डावात खांबाजवळ वळल्यापासून तू डावा पाय पुरता टेकवत नव्हतीस."

पलीकडचा हसरा आवाज एकदम बारीक झाला. "कोणालाच कळलं नाही. बाबांना सांगू नकोस ना. मला पुढच्या शिबिराला पाठवणार नाहीत."

"मी नाही सांगणार. तू सांगायचं, आजच, आणि उद्या डॉक्टरकडे जायचं. पाय बरा झाल्यावर तुला कोणी घरी बसवायला लागलं, तर मला फोन कर. बाबा असू दे नाहीतर प्रशिक्षक, त्यांच्याशी मी भांडेन."

"खरंच भांडशील?"

"तुझ्या आजोबांना विचार," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि फोन त्यांच्या हातात दिला.