आठ कड्यांचं पिंप

१९९६ च्या मार्चात आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. टेबलावर ओळीनं बाटल्या. आतला जीव ओळखायचा, त्याचा वर्ग लिहायचा आणि कारण द्यायचं. पाचव्या बाटलीत हरभऱ्याएवढा, मूळचा काचेसारखा आरपार पण औषधात दुधाळ झालेला, पिंपाच्या आकाराचा समुद्रातला जीव उभा होता. साल्पा. हे लेबल १९७८ साली मीच चिकटवलं होतं आणि माझं अक्षर फार सुंदर असल्यानं अठरा वर्षांत कुणी शंका घेतली नव्हती. परीक्षेपुरतं ते भिंतीकडं फिरवलं होतं.

शिवानी कांबळे भिंग घेऊन पाचव्या बाटलीपाशी आली, वाकली आणि सरळ टेबलाला वळसा घालून भिंतीकडं गेली. मागनं बाटली निरखून तिनं पेपरावर एक शब्द लिहिला.

गडहिंग्लजहून आलेले परीक्षक श्रेणिक चौगुले सर गरजले, "ए पोरी! लेबल वाचतीस व्हय? पेपर ठेव आणि बाहेर हो!"

शिवानीचा चेहरा उतरला. घरातली पहिली पदवी दाराशी येऊन परत निघाली होती. "सर, लेबल न्हाय. पोट बघत होते."

"कुणाचं?"

"ह्याचं."

सर तिचा पेपर उचलून माझ्याकडं वळले. "डोलिओलम? गणपतराव, लेबलावर तर साल्पा हाय."

"मग नक्कल कशी झाली?" मी विचारलं.

सर अडखळले. "नक्कलबी धड जमली न्हाय म्हणायची."

"साल्पाच्या स्नायूंच्या पट्ट्या बहुधा पोटाशी तुटलेल्या असतात," शिवानी मला म्हणाली. "ह्याच्या पिंपाच्या कड्यांसारख्या पुऱ्या फिरल्यात, म्हणून डोलिओलम. लेबलाच्या वर तीन दिसतात बघा. तुम्हीच शिकवलंय की, सर."

शिकवलं होतं खरं. बघितलं नव्हतं.

"आणि मागं जायचं कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"वडलांनी. बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर हाईत. पाइपाभोवती आवळलेली पट्टी समोरनं कुणाचीबी चांगलीच दिसती म्हणतात. मागनं जुळलीया का बघायचं."

प्रयोगशाळेतला गुंडू ओलं फडकं घेऊन आला. माझं सुंदर अक्षर दोन मिनिटांत निघालं. चौगुले सरांनी भिंग लावून मोठ्यानं मोजलं, "...सात, आठ. आठच्या आठ पुऱ्या!" आणि पेपर स्वतःच्या हातानं तिच्यापुढं ठेवला. "लिही, बाई."

त्या बाजूला आजवर जो गेला तो लेबल वाचूनच माघारी आला होता. त्यात पहिला मी.

नवं लेबल शिवानीकडून लिहून घेतलं आणि झाकणावर चिकटवलं. माझी चूक विद्यार्थिनीनं काढली, हे मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. काहींना दोनदा.

संध्याकाळी नागसेन कांबळे लेकीला न्यायला आले. मी अभिमानानं बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकणाकडं पाहिलंसुद्धा नाही. बाटली फिरवली, डोळा लावला.

"जुळलीया," म्हणाले, आणि मग लेकीकडं बघत राहिले.