कुरकुरीच्या पोटातल्या लाल गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. सामानाची नव्हे हं, औषधांची! आणि माझी नोकरी आहे तुरुंगात. दचकलात ना? सगळेच दचकतात. अहो, मी काही गुन्हाबिन्हा केलेला नाही. तुरुंगातही माणसे आजारी पडतात आणि औषध काही आपल्या पायांनी चालत येत नाही. ते मी आणते.

कारखान्यातून आले तेव्हा मी कशी लखलखत होते! पत्र्याचे दोन कप्पे, चार रबरी चाके आणि ढकलायला पोकळ नळीचा आडवा दांडा. दांड्याच्या दोन्ही टोकांना काळी बुचे. पहिल्याच दिवशी तुरुंगाच्या दारात माझी झडती घेतली, तीही उलटी करून! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढे पाहते तर काय, डॉक्टरांच्या जेवणाच्या डब्याचीसुद्धा झडती होते. मग मी नाक मुरडणे सोडून दिले.

आमच्या सिस्टर बोलायला फटकळ, पण हाताने हलक्या. त्यांचा नेम ठरलेला. गोळी द्यायची, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "आ करा. जीभ वर. आता गाल दाखवा." तुरुंगात गोळी गिळलेली डोळ्यांनी पाहावी लागते. कोण कशासाठी आत आला, हे त्यांनी कधी विचारले नाही. मीही नाही. आमच्या लेखी सगळे पेशंट.

वर्षे सरली तसे माझे पुढचे डावे चाक कुरकुरू लागले. माझे नावच पडले कुरकुरी. "कुरकुरी आली रे!" अशी हाक उठली की माणसे पाण्याचे मग भरून तयार राहत. एकदा हवालदार तेलाची बाटली घेऊन आले, तर सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या. मग वर्दी द्यायला काय तुम्ही पुढे धावणार आहात?" हवालदार देहाने भरलेले. त्यांनी बाटली परत नेली.

त्याच सुमारास माझ्या दांड्याचे उजवे बूच पडले. "उद्या बसवू," असे कोणीतरी म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. आणि खरे सांगते, सगळे रामायण त्या उघड्या टोकापायी घडले.

झाले असे की दवाखान्यात गवंडीकाका दाखल झाले. उभा जन्म भिंती बांधण्यात गेलेला, हात दगडासारखे आणि छातीत क्षय. त्यांच्या लेकीला नुकतीच मुलगी झाली होती. लेकीचे पत्र त्यांनी उशीखाली जपून ठेवले होते. तिने लिहिले होते, "बाबा, डॉक्टर म्हणतात, तुमच्या थुंकीचा तपास स्वच्छ आला की मगच बाळ तुमच्या मांडीवर द्यायचं. लवकर बरे व्हा." काका ते पत्र दिवसातून चारदा वाचत.

औषध सुरू झाले त्याच आठवड्यात सिस्टर रजेवर गेल्या. बदलीवरच्या सिस्टर घाईच्या. काकांना इतर गोळ्यांबरोबर एक लाल गोळी असे. दोन दिवस त्यांनी ती घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ती गालफडात दाबून धरली, तपासणी नावापुरती झाली आणि सिस्टर पाठमोऱ्या होताच काका मुठीत खोकले. मग आधार घ्यावा तसा माझ्या दांड्यावर हात ठेवला. टुपकन लाल गोळी माझ्या नळीत!

मी ओरडणार कशी? माझ्याकडे आवाज म्हणून ते एक चाक, ते बिचारे जिवाच्या आकांताने कुरकुरले. पण त्याची कुरकुर तर रोजचीच होती! दुसऱ्या दिवशी पुन्हा टुपकन. असे नऊ दिवस. काकांचा खोकला वाढत चालला आणि मी चालताना खुळखुळ्यासारखी वाजू लागले. रोग जाणार नव्हता, तपास स्वच्छ येणार नव्हता आणि बाळ त्यांच्या मांडीवर येणार नव्हते. हे सारे ठाऊक असून मी मुकी. फार जीव तुटायचा हो.

सिस्टर रजेवरून परतल्या. हवालदार म्हणाले, "ही कुरकुरी आता गेली कामातून. अंगअंग वाजतंय. भंगारात द्या आणि नवी मागवा."

सिस्टरांनी मला दोन पावले पुढे ढकलले, दोन पावले मागे ओढले. "चाकाचा आवाज मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "हा वेगळा आहे. हिच्या पोटात काहीतरी आहे." त्यांनी मला कलती केली. ट्रेमध्ये नऊ लाल गोळ्या घरंगळल्या. वॉर्डात ती गोळी एकालाच होती.

"साहेबांना कळवतो," हवालदार गरजले. "भेटच बंद करायला हवी यांची!"

"थांबा हो. आधी विचारू तर द्या." सिस्टर काकांच्या खाटेवर टेकल्या. "काका, का?"

काकांनी मान खाली घातली. "शिक्षा करा सिस्टर, पण ती गोळी नको. तिनं आतून पार फाडलंय मला. ती घेतली की लघवीतून रक्त जातं. नातीला बघायच्या आधीच मरेन मी."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, रक्त नाही ते! गोळीचा रंग आहे. या गोळीनं लघवी लालसर होते, घामसुद्धा, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. औषध पोटात पोचलं, त्याची ती पोच आहे. विचारायचं नाही का?"

"बाईमाणसाला असलं कसं विचारणार?"

"मग मला विचारायचं," हवालदार म्हणाले.

"तुम्हाला? संध्याकाळपर्यंत साऱ्या तुरुंगाला कळलं असतं!"

हवालदारांनाच आधी हसू फुटले. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "चूक आमची आहे, काका. पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं होतं." काकांनी तिथल्या तिथे गोळी मागून घेतली आणि न सांगता आ करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या झिजलेल्या रबरी चपलेची टाच कापून मागितली. सिस्टरांसमोर बसून ती फरशीवर घासघासून गोल केली आणि माझ्या उघड्या टोकात घट्ट बसवली. "भिंतीला भोक ठेवू नये," ते म्हणाले. नवी गाडी मागवायचा विषय तिथेच संपला.

महिने गेले. तपास एकदा स्वच्छ आला, दुसऱ्यांदाही आला. भेटीच्या दिवशी गोळीची वेळ झाली, म्हणून सिस्टर मला भेटीच्या खोलीत घेऊन गेल्या. माझी कुरकुर ऐकून बाळाने मान वळवली. मग लेकीने ते काकांच्या मांडीवर ठेवले. भिंती बांधणाऱ्या त्या हातांनी बाळाचे डोके अलगद सावरले. काका रडले. बाळाच्या पांढऱ्या टोपड्यावर एक नारिंगी ठिपका उमटला.

लेक घाबरली. "बाबा, हे काय?"

"काही नाही गं," काका हसत म्हणाले. "औषध पोचल्याची पोच आहे."

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. काका केव्हाच घरी गेले, त्यांची टाच अजून माझ्या दांड्यात आहे. तुमच्या घरात एखादी वस्तू खुळखुळू लागली, किंवा एखादे माणूस एकाएकी गप्प झाले, तर लगेच भंगार म्हणू नका, लगेच रागावू नका. जवळ जा, जरा कान द्या आणि विचारा. आणि सुटलेले बूच उद्यावर टाकू नका. बरे, चलते मी. गोळ्यांची वेळ झाली.