आल्डनच्या बातमीतला एक शब्द

लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या काठावरच्या आमच्या गावात तेव्हा रोजचा पेपर निघायचा. १९७४ साली मी तिथे बातमीदार म्हणून लागले, बावीस वर्षांची. माझी प्रत्येक बातमी मुख्य उपसंपादक अर्मा ट्वेट तपासायच्या. जाड चष्मा, कानामागे निळी पेन्सिल. ‘दुर्दैवी’ हा शब्द दिसला की ती पेन्सिल खाली यायची.

“मार्लिस, गोठा जळाला तरी तुझं दुर्दैवीच?”

“निदान मरण तरी दुर्दैवी असतं ना, अर्मा?”

“त्र्याण्णवाव्या वर्षी जेवून झोपेत गेलेल्या म्हाताऱ्यालाही तू तो लावला होतास.”

सगळे हसले, मीही.

त्या ऑक्टोबरात अर्मांचा धाकटा भाऊ आल्डन वादळात बुडाला. त्याची मासेमारीची होडी दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली, उलटी. धक्क्यावर मीच गेले होते. परत येऊन बातमी टाइप केली आणि पहिल्याच ओळीत ‘दुर्दैवी अंत’ लिहिलं.

“अर्मा, तू घरी जा,” संपादक म्हणाले. “ही मी बघतो.”

अर्मांनी कागद ओढून घेतला. बराच वेळ त्या पहिल्या ओळीवरच होत्या. मग त्यांनी तो शब्द खोडला आणि समासात लिहिलं, ‘वादळाचा इशारा त्यांना माहीत होता. जाळी पाण्यात होती, ती काढायला ते होडी घेऊन गेले.’

“निघण्याआधी फोन केला होता त्याने,” माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. “जाऊ नको म्हटलं होतं मी.”

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. आल्डनची बायको जॉइस सरळ अर्मांसमोर येऊन उभी राहिली.

“तुमची बातमी वाचून गावाला वाटतंय, माझा नवरा मूर्ख होता. ‘दुर्दैवी’ एवढा एक शब्द छापला असता तर तुझं काय जाणार होतं?”

“काही नाही,” अर्मा म्हणाल्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. “चुकलं माझं, जॉइस.”

पुढे दर रविवारी त्या जॉइसकडे जायच्या. तीन रविवार दार उघडलं नाही. चौथ्या रविवारी जॉइस म्हणाली, “आलीच आहेस तर बटाटे सोल.”

डेस्कवरही फरक पडला. माझ्या बातमीत तो शब्द आला की अर्मा विचारायच्या, “घरच्यांशी बोललीस?” बोललेली असले, तर कधीकधी राहू द्यायच्या.

पेपर बंद होऊन आता वीस वर्षं झाली. अर्मा निवृत्त झाल्यावर नणंद-भावजय एकाच घरात राहिल्या. शनिवारी मी जायची. मागच्या अंगणात दोघी मासे धुरावर ठेवायच्या आणि आल्डनचा विषय निघायचाच.

“तो गायला लागला की बदकं उडून जायची,” जॉइस म्हणायची.

“बदकं काय घेऊन बसलीस? पाद्री उठून गेला होता एकदा.”

मग दोघी हसत सुटायच्या, अगदी डोळे पुसेपर्यंत, आणि मला म्हणायच्या, “मार्लिस, तू खा गं, गार होतंय.”