खोलीचं मौन

"आहे. अजून आहे," टेबलाखालून नवऱ्याचा आवाज आला.

ती दारातच थांबली. तो गुडघ्यांवर ओणवा होऊन यूपीएसच्या डब्याला कान लावून बसला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, शर्ट पाठीवर वर सरकलेला. एरवी तिला हसू फुटलं असतं. पण हा दुसरा यूपीएस होता, आणि पहिल्याची पाठवणीही याच वाक्याने झाली होती.

"मला तर काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली.

"तुला नाही यायचं. तू वाचणारी. ऐकणारा मी."

हे मात्र कबूल करायला हवं होतं. बावीस वर्षं त्यांची कामाची वाटणी हीच होती. ती पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि तो ती कम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, साफसूफ करायचा आणि ऐकण्याची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीकडे पाठवायचा. घरातली मागची खोली त्यासाठीच होती. भिंतींना जाड रजया टांगलेल्या, खिडकी दुहेरी काचेची, घड्याळाला प्रवेश नाही. पापड खाऊन आत गेलं तरी दातांत अडकलेला तुकडा त्याला ऐकू यायचा. "सकाळी बहिणीशी वाजलं ना तुझं? तिसऱ्या पानावर कळतंय," असं तो सहज म्हणायचा, आणि वाजलेलं असायचंच. अशा नवऱ्यापासून काही लपवायचं म्हणजे पंचाईतच.

यूपीएस घ्यायची वेळ आली ती विजेमुळे. दिवसातून तीनचारदा लाइट जायची, आणि एकदा तर तिने घसा कोरडा करून वाचलेलं अख्खं प्रकरण घेऊन गेली. मग पहिला यूपीएस आला. त्याला पंखा होता, तो घरघरतो म्हणून त्याला खालच्या मजल्यावरच्या काकांकडे धाडलं. काका जिन्यात भेटले की सांगायचे, "आवाज? कसला आवाज? घरात यूपीएस आहे हेच मी विसरून जातो!" मग हा दुसरा आला. याचा पंखा क्वचितच फिरायचा, तरी नवऱ्याच्या मते तो घुमत होता. खर्जात, सारखा, घूं करून.

"वाचन झालं की बसून ती घूं काढावी लागते मला," तो टेबलाखालून बाहेर येत म्हणाला. "आणि ती काढताना तुझ्या आवाजातलंही थोडंफार जातं. इलाज नाही. यूपीएस गप्प बसणारा मिळाला की सगळं ठीक होईल बघ."

तिने मान डोलावली. पण तिचा यावर विश्वास नव्हता, आणि हेच तिचं खरं दुखणं होतं.

गेली दोन पुस्तकं कंपनीकडून परत आली होती. तिथल्या संपादक बाई बोलायला फार गोड. "वाचन नेहमीसारखंच सुंदर आहे हो," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "पण आवाज जरा पोकळ वाटतोय. तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या वेळी गोडवा तोच, पण शेवटी एक वाक्य जास्त होतं. हे तिसरं पुस्तक नीट झालं नाही, तर पुढच्या मालिकेसाठी नवा आवाज बघावा लागेल.

ते वाक्य तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मध, रात्री मफलर असं सगळं सुरू होतं. न्हाणीघरात नळ सोडून ती हळूच एखादं वाक्य म्हणून बघायची. तिथे आवाज बरा वाटायचा, पण न्हाणीघरात कुणाचाही बरा वाटतो. आपला आवाज गेला, वयाने गेला, आणि हा भला माणूस आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बिचाऱ्या डब्यांवर आळ घेतोय, असं तिच्या मनाने पक्कं धरलं होतं. घूं बिं काही नाहीच. असती तर एकदा तरी आपल्याला ऐकू आली नसती का?

दुपारी ती तो जड डबा रिक्षात घालून दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने तिला बघितलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

"ताई, लोक मला विचारतात हा किती वेळ चालतो. तुम्ही विचारता किती गप्प बसतो! यूपीएस घेताय की जावई बघताय?"

"जावई बरा हो. तो बोलला तरी चालतो."

दुकानदार मनापासून हसला. दुकानात चार गिऱ्हाइकं ताटकळत होती, दोन फोन एकदम वाजत होते. तरी त्याने डबा उघडून कान लावला, तिलाही लावायला लावला, आणि दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. काही नव्हतं.

"बरं, एक शेवटचा देतो," तो म्हणाला. "यात पंखाच नाही. आवाज करायचा म्हटलं तरी याला करता येणार नाही. बॅटरी नव्या प्रकारची, वजनालाही हलका. आज नुसता प्लगला लावून ठेवा, कम्प्युटर उद्या जोडा. तोवर दिवा लागला की नाही ते बघत बसू नका."

त्याने एक फोन खांद्यात धरला, मागच्या फळीवरून एक काळा डबा काढून खोक्यात घातला आणि तिच्याकडे सरकवला. खोकं खरंच हलकं होतं. तिने ते एका हाताने घरी आणलं.

टेबलाखाली शिरून तिनेच तो डबा जागेवर ठेवला, भिंतीतल्या प्लगला जोडला आणि गुडघे झटकत उठली. नवरा तयारच होता.

"आता मौन घेऊ," तो म्हणाला.

मौन घेणं हा त्यांच्या घरातला शब्द. प्रत्येक वाचनाआधी तो रिकाम्या खोलीचं एक मिनिट उतरवून घ्यायचा. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, तो तर श्वासही रोखून धरायचा. खोलीची म्हणून एक शांतता असते, पुढे वाक्यावाक्यांच्या मधल्या फटी बुजवायला ती लागते, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीच्या दिवसांत ती चेष्टा करायची, "काहीच नाही ते साठवून ठेवणारा पहिला माणूस तू!" त्याच्याकडे बावीस वर्षांची मौनं तारखेनिशी ठेवलेली होती. मौन घेताना ती बाहेर थांबायची. आज मात्र आतच स्टूल ओढून बसली.

त्याने कम्प्युटर बंद केला, दार लावलं, खुर्चीत ताठ बसला. आज उतरवून घ्यायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. तिनेही श्वास धरला. रजयांनी सगळं शोषून घेतलं होतं. तिला स्वतःच्या छातीतली धडधड तेवढी जाणवली, बाकी काही नाही. काहीसुद्धा नाही.

त्याने हळूच बोट वर केलं.

"हा बघ."

"काय?"

"आहे. कमी आहे की तेवढाच, सांगता येत नाही. पण आहे." त्याचा चेहरा थकून गेला होता. गेले काही महिने तो थंडीतही पंखा लावून झोपायचा, आणि झोप झाल्यासारखा कधी दिसत नसे. "हाही परत करावा लागणार."

आता मात्र तिचा बांध फुटला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"माझा आवाज गेलाय ना? म्हणून तू हे यूपीएसचं नाटक लावलंयस. खरं काय ते तुला सांगवत नाहीये."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "वेडीबिडी झालीस का? तुझ्या आवाजाला काय धाड भरलीये?"

"मग बाईंना तो पोकळ का वाटतो? हे पुस्तकही बिघडलं तर नवा आवाज बघणार आहेत त्या. सांगितलं नव्हतं तुला. आता सांगते." तिचा स्वर चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. "आणि ही तुझी घूं दुकानदाराला येत नाही, काकांना येत नाही, मला येत नाही. किती दिवस सांभाळून घेणार आहेस मला?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. डोळे पुसायला निमित्त मिळालं म्हणून ती उठून गेली.

दुकानदार होता. आवाज ओशाळलेला.

"ताई, फार मोठा घोटाळा झाला. माफ करा. गडबडीत तुम्हाला शोकेसमधला डबा दिला गेला. नुसतं दाखवायचं कवच आहे हो ते! आत काही नाही, बॅटरी नाही, तारसुद्धा आतून कशाला जोडलेली नाही. तुम्ही म्हणत असाल, हा कसा चालूच होत नाही. खरा इथेच आहे, उद्या सकाळी मी स्वतः आणून देतो."

"आत काहीच नाही?" तिने विचारलं.

"काही नाही. रिकामा डबा."

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. तिला आधी आनंद झाला. अगदी स्पष्ट, पोटातून उसळलेला आनंद. आवाज गेला नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच काहीतरी ऐकू येत होतं, आणि जे नव्हतंच ते तो रोज तिच्या आवाजातून खरवडून काढत होता. मग त्याला ऐकू येत होतं म्हणजे काय, ते तिच्या लक्षात आलं, आणि मघाच्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिने भिंतीला हात टेकला.

"कोण होतं?" तो आतून म्हणाला.

ती आत आली. "दुकानदार. चुकीचा डबा दिला म्हणे."

"बघ!" त्याच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. "मी म्हणत होतो ना! कान खोटं सांगत नाहीत माझे."

काही न सांगता निभावून नेता येईल, असं तिला क्षणभर वाटलं. उद्या खरा येईल, तोही परत जाईल, मग चौथा. ती स्टुलावर बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

"अरे, तो शोकेसमधला आहे. नुसतं कवच. आत काही नाहीये त्याच्या."

तो हसला. "काहीतरीच काय."

मग वाकून त्याने डबा बाहेर ओढला. एका हाताने उचलला गेला तेव्हा त्याचं हसू गेलं. त्याने डबा हलवला. आत एखादा सुटा स्क्रू इकडून तिकडे गडगडला, तेवढाच. त्याने प्लग उपटून काढला, डबा मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. तो ऐकतोय हे तिला दिसत होतं.

"येतोय?" तिने हळू विचारलं.

त्याने मान हलवली. हो.

"म्हणजे काकांकडचाही चांगलाच आहे," तो शेवटी म्हणाला.

"चांगलाच आहे. ते सांगतातच."

"आणि तुझा..." त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "दोन पुस्तकं. दोन्ही मीच खराब केली."

"उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ. आधी हे कर."

त्याने डबा खाली ठेवला आणि कम्प्युटर सुरू केला. या आठवड्यात तिने वाचलेलं प्रकरण त्याने जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, हात न लावलेलं. मग त्याने हेडफोन उचलले. बावीस वर्षांत ते दुसऱ्या कुणाच्या कानांवर चढले नव्हते. त्याने ते तिच्या डोक्यावर ठेवले, दोन्ही बाजूंनी ओढून नीट बसवले, अडकलेली बट सोडवली, आणि तिला उठवून आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः स्टुलावर बसला.

"आधी मौन आहे, मग तुझं वाचन," तो म्हणाला. तिला ते ओठांवरून समजलं. "आता ऐकणारी तू. काहीही ऐकू आलं तर हात वर कर. काहीही."

तिने डोळे मिटले. त्याने बटण दाबलं.

हे मौन तिने कधी ऐकलंच नव्हतं. सुरुवातीला काही नव्हतं, नुसती रजयांची मऊ पोकळी. घूं नव्हती, घरघर नव्हती. मग फार लांबून खुर्ची एकदाच कुरकुरली. आणि मिनिट संपत आलं तेव्हा, रोखून धरलेला श्वास अगदीच धरवेना झाला म्हणून कुणीतरी तो हळूच, चोरून सोडला. प्रत्येक पुस्तकातल्या दोन वाक्यांच्या मधे इतकी वर्षं हा श्वास बसलेला होता की काय, कोण जाणे. त्याला स्वतःला तो कधी ऐकू आला असेल, तर तो बोलला नव्हता.

तिने डोळे उघडले. तो समोर स्टुलावर ताठ बसला होता, आताही श्वास रोखून, तिच्या हाताकडे बघत.

तिने हात मांडीवरच ठेवला.